पाठवणाऱ्याशी नाते

सात तारखेनंतर माझ्या खिडकीसमोर रांग लागते,
सगळी बायकांची.
बाहेर पंज नदी, पलीकडे अफगाणिस्तान,
आत एक हीटर, एक शिक्का आणि मी.

चिटोऱ्यावर दहा आकडे असतात,
कुणी ते तळहातावर लिहून आणते.
ओलमबेगिम शाळेत कधी गेली नाही,
पण आकडे म्हणते न अडखळता, डोळे मिटून,
दुआ म्हणावी तसे.

मी पैसे मोजते आणि मला सगळं कळतं.
सुर्गुतहून आठ हजार रुबल वाढून आले
की समजावं, पोराला पाइपलाइनवर घेतलं.
निम्मेच आले की समजावं, पाय घसरला,
नाहीतर पोलिसांनी कागद मागितले.
ज्या हिवाळ्यात रुबल पडला
त्या हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात
चहात साखर पडली नाही.

खोटं कशाला बोलू, पैशानं पुष्कळ केलंय.
सवसानच्या धाकट्याच्या नखांखाली आता रंग दिसतो.
दाराच्या चौकटीवर थोरल्याची नवव्या वर्षीची खूण
त्यानं सातव्यातच गाठली.
निसोच्या लेकीला चष्मा आला,
तेव्हा तिला कळलं
की समोरच्या डोंगरावर रस्ता आहे
आणि त्यावरून गाड्या जातात.
ती आता रोज तिकडेच बघत बसते.

शाळेला निळा पत्रा आला.
गणिताचे मास्तर त्याच वर्षी गेले
येकातेरिनबुर्गला, बर्फ उपसायला.

फेब्रुवारीत म्हातारा नेककदम वारला.
तिन्ही मुलांनी त्याच दिवशी पैसे धाडले,
मीच मोजून दिले.
दोन मेंढ्या, पांढरं कापड, तांदूळ,
कशाला म्हणून कमी नाही.
फक्त खांदे मिळेनात.
शिंपी, एक लंगडा ड्रायव्हर, नववीतलं पोरगं.
चौथा कोण?
शेवटी सीमेवरचा एक शिपाई आला, कुलोबचा, अनोळखी,
सगळ्यांहून हातभर उंच.
ताबूत वाटभर एका बाजूला कललेला.
म्हातारी नंतर म्हणाली,
बरं झालं, जाता जाता त्याला नदी दिसली.

मग माझी पाळी.
आपले पैसे आपणच द्यायचे नाहीत, असा नियम आहे.
म्हणून अकरा वर्षं, महिन्यातून एकदा
मी काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर येते,
रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहते,
आणि फरिश्तामो, जी दुपारी
माझ्या वाडग्यात पाव बुडवून खाते,
ती मला ओळखपत्र मागते.
रक्कम. चलन.
हेतू: घरखर्च.
पाठवणाऱ्याशी नाते: पती.

शोदी एकही महिना चुकला नाही.
तिकडे त्याला बाई आहे,
कुरळ्या केसांची एक मुलगी आहे,
हे रांगेला आधी कळलं, मला शेवटी.
माझा गुडघा त्याच्याच पैशानं बदलला.
त्याच गुडघ्यावर जोर देऊन
मी त्या फळीखालून वाकते.
शिव्या द्याव्यात म्हटलं
तर खाल्लेलं मीठ आड येतं,
आणि मीठच खात राहावं म्हटलं
तर जिभेला काहीतरी खुपतं.

या महिन्यात पेन त्या रकान्याशी थांबलं.
मागे कुणी नव्हतं. हीटर कुरकुरत होता.
फरिश्तामो म्हणाली,
रिकामं ठेवू नकोस गं, मशीन घेत नाही.
मी लिहिलं:
आमच्या गावचा.

तिनं वाचलं. वर बघितलं नाही.
शिक्का मारला, नोटा दोनदा मोजल्या,
वरची फाटकी होती ती बदलून दिली.
मग म्हणाली,
थंडीत दुखतो का गं गुडघा अजून?